ट्रायपॉडवर ठेवायचा की हातात घ्यायचा

मला नेहमी विचारतात की तू नक्की काय करतेस, रिसर्च की फिल्म, आणि मी दोन्ही म्हटलं की समोरच्याला वाटतं सकाळी एक काम आणि संध्याकाळी दुसरं असं काहीतरी असेल. तसं नाहीये, काम एकच आहे. एखादी वस्तू लोक रोजच्या आयुष्यात कशी वापरतात ते त्यांच्या घरात जाऊन, तासन्‌तास बसून बघायचं, शूट करायचं आणि मग ती वस्तू बनवणाऱ्यांसमोर त्याची छोटी फिल्म ठेवायची.

एक उदाहरण सांगते. वॉशिंग मशीनवरचं काम होतं. एका काकूंशी तासभर बोलले, काही अडचण येते का हे तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे विचारलं आणि दर वेळी उत्तर एकच, छे, छान चालतं, काही त्रास नाही. मग म्हटलं आता नेहमीसारखे कपडे लावा, मी नुसती बघते. हातातल्या कॅमेऱ्याने मी त्यांचा चेहरा घेतला, कपडे घेतले, सगळं सुंदर आलं. रात्री कोपऱ्यात ट्रायपॉडवर ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं वाईड, म्हणजे पूर्ण खोली दिसणारं, फुटेज बघताना लक्षात आलं की काकू बटण फिरवताना चिन्हांकडे बघतच नाहीयेत, तरी हात बरोब्बर एका जागी थांबतोय. दुसऱ्या दिवशी परत गेले. बटणाशेजारी चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावलेला होता, त्या तिथपर्यंत फिरवायच्या, बस्स. छापलेली चिन्हं त्यांना कळतच नव्हती. आणि त्या माझ्यापासून काही लपवत नव्हत्या हां, त्यांच्या दृष्टीने ती अडचण उरलीच नव्हती, त्यांनीच ती सोडवून टाकली होती. सर्व्हेच्या फॉर्मवर हे कुठून येणार? फोकस ग्रुपमध्ये, म्हणजे लोकांना एकत्र बसवून मतं विचारतात तिथे, तर मशीन बहुतेक वेळा समोरच नसतं.

कॅमेरा कसा धरायचा यावरून आमच्याकडे जुना वाद आहे. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ नवरा-बायको 1936 साली बालीला गेले आणि तिथे त्यांनी सुमारे 25,000 फोटो काढले, 22,000 फूट फिल्म शूट केली. पुढे ते वेगळे झाले आणि खूप वर्षांनी, 1976 मध्ये, परत एकदा बोलायला बसले तर यावरूनच जुंपली. मीडचं म्हणणं, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि चालू राहू द्या, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला न छाटलेलं काहीतरी मिळेल. बेटसन म्हणतो ट्रायपॉडवरच्या मेलेल्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मी दोन्ही कॅमेरे नेते, पण मनाने मीडच्या बाजूची आहे. क्लायंटला हातातलं फुटेज आवडतं, सापडायचं ते मात्र बहुतेक वेळा त्या कंटाळवाण्या वाईडमध्येच सापडतं. फक्त रेकॉर्डिंग चालू आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, मुलाखत संपली असं भासवून गुपचूप चालू ठेवलेला कॅमेरा ही चोरी आहे, याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही.

आता फिल्मच का, रिपोर्ट का नाही? 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ल्यूसी सचमन ही मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात होती. कंपनीचं एक कॉपी मशीन वापरायला अवघड जातं अशी तक्रार येत होती. तिने दोघादोघांना मिळून ते मशीन चालवायला दिलं, कारण दोघं असले की ते एकमेकांशी बोलतात आणि डोक्यात काय चाललंय ते आपोआप ऐकू येतं, आणि हे सगळं व्हिडिओवर घेतलं. त्यातल्या एका जोडीत अ‍ॅलन न्यूएल होता, कॉम्प्युटर सायन्समधला फार मोठा माणूस, 1975चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला, आणि तो त्या मशीनसमोर अडकलाय. हे बघितल्यावर वापरणाऱ्यालाच जमत नाही असं म्हणायची सोयच राहत नाही. साठ पानी रिपोर्टशी वाद घालता येतो, समोर अडकलेल्या माणसाशी कसा घालणार.

पण म्हणूनच मला एडिटची भीती वाटते. 15-20 तासांच्या फुटेजमधून तीन मिनिटं काढायची असतात आणि ज्याचं शूट केलं तो माणूस क्लायंटच्या मीटिंगमध्ये नसतो. रॉबर्ट फ्लाहर्टीची कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या इन्युइट कुटुंबावरची फिल्म 1922 मध्ये आली, ती शूट करताना बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरत नव्हता म्हणून मोठं घर बांधून ते एका बाजूने उघडं ठेवलं आणि ते कुटुंब त्या उघड्या घरात झोपलं. आम्ही घरं कापत नाही, टाइमलाइन कापतो, आणि त्याने पण माणूस उघडा पडतोच.

माझ्या हातून हे झालंय. औषधांच्या बाटल्यांवरचा प्रोजेक्ट होता, मुलांना उघडता येऊ नये अशा झाकणांचा. एका आजोबांचं शूट होतं, बोटं दुखायची त्यांची, झाकण दाबून फिरवायला जमत नव्हतं. मी 50 सेकंदांचा तुकडा काढला, झाकण, बोटं, परत झाकण, आणि तिथेच कट केला कारण मुद्दा पोचला होता असं मला वाटलं. मीटिंगमध्ये दोघंतिघं हसले. वाईट हेतूने नाही हसले, पण हसले, आणि त्यांना तिथे हसायची जागा मी करून दिली होती. त्या रात्री झोप नाही लागली.

1960 च्या उन्हाळ्यात जाँ रूश हा फिल्ममेकर आणि एदगार मोरँ हा समाजशास्त्रज्ञ यांनी पॅरिसमध्ये लोकांचं आयुष्य शूट केलं आणि नंतर त्याच लोकांना ते पडद्यावर दाखवलं, त्यावरची त्या लोकांची भांडणं पण फिल्ममध्येच ठेवली. कॉलेजात हे शिकले होते, केलं कधी नव्हतं. वेळ नसतो, बजेट नसतं, डेडलाइन असते, सगळं खरं आहे. त्या मीटिंगनंतर मात्र लॅपटॉप घेऊन आजोबांकडे गेले आणि फायनल व्हायच्या आत ती क्लिप त्यांना दाखवली. त्यांनी शांतपणे पूर्ण बघितली आणि म्हणाले, "अगं, पण मी शेवटी उघडलं होतं ना झाकण, ते कुठे गेलं?"

उघडलं होतं. झाकणाला जाड रबरबँड गुंडाळून, बाटली टेबलावर टेकवून, तळहाताने दाबत. हळूहळू चाललेलं, जवळजवळ दीड मिनिट, म्हणून मी ते गाळलं होतं. परत घातलं. पुढच्या मीटिंगला तीच क्लिप दाखवली आणि रबरबँड आला तशी डिझाईन टीममधली एक मुलगी उठून पुढे आली आणि म्हणाली, जरा मागे घेता का, त्यांचा तळहात नक्की कुठे टेकतोय ते बघायचंय.