टांझानियातील दोन जिल्हे: मृत्यूंच्या नोंदींतून अंदाजपत्रक कसे बदलले?

नमस्कार. एखादा उपाय संशोधनात परिणामकारक ठरतो, त्याचा निष्कर्ष नामांकित नियतकालिकात छापून येतो, तज्ज्ञांच्या परिषदांमध्ये त्याची वाहवा होते. आणि तरीही ज्या देशात त्याची सर्वाधिक गरज असते, तिथल्या आडगावच्या दवाखान्यापर्यंत तो वर्षानुवर्षे पोहोचत नाही. याचे खापर सहसा पैशांच्या टंचाईवर फोडले जाते, आणि पैशांची टंचाई खरीच असते. परंतु उपलब्ध पैसा कशावर खर्च होतो आणि तसा का होतो, हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला जातो. आज आपण तोच प्रश्न घेऊन पूर्व आफ्रिकेतील टांझानियात जाणार आहोत. काळ आहे १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध. तेव्हा टांझानियाची गणना जगातील अत्यंत गरीब देशांमध्ये होत असे, आणि आरोग्यावर तिथे दरडोई वर्षाला सुमारे ८ डॉलर एवढाच खर्च होत होता.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. जागतिक बँकेने १९९३ च्या जागतिक विकास अहवालात असे मांडले होते की, गरीब देशांनी निवडक, स्वस्त आणि परिणामकारक उपाययोजनांचा एक संच दरडोई वार्षिक सुमारे १२ डॉलर खर्चून राबवला, तर त्यांच्यावरील रोगांचा भार लक्षणीय प्रमाणात हलका होऊ शकेल. हे विधान कागदावरच्या आकडेमोडीतून आलेले होते. ते प्रत्यक्षात उतरते का, हे तपासण्यासाठी टांझानियाचे आरोग्य मंत्रालय आणि कॅनडाचे आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्र यांनी मिळून एक प्रकल्प उभा केला. ‘टेहिप’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. त्यासाठी मोरोगोरो ग्रामीण आणि रुफिजी हे दोन जिल्हे निवडण्यात आले. दोहोंची मिळून लोकसंख्या सुमारे ७ लाख होती.

या प्रकल्पाने कोणतेही नवे औषध आणले नाही, की नवी लस आणली नाही. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता: जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातील लोक कशाने मरतात याची विश्वासार्ह माहिती मिळाली, थोडा जादा निधी मिळाला आणि तो कुठे खर्चायचा हे ठरवण्याची मोकळीक मिळाली, तर ते वेगळे निर्णय घेतील का?

लोक कशाने मरतात हे सरकारला ठाऊक नसावे, याचे आपल्याला कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु टांझानियाच्या ग्रामीण भागात त्या काळी बहुतेक मृत्यू घरीच होत असत. दवाखान्याच्या नोंदवहीत तिथे पोहोचलेल्यांची नावे असतात. जे पोहोचलेच नाहीत त्यांचा तिथे मागमूसही नसतो. अशा नोंदवहीवरून जिल्ह्याचे नियोजन करणे म्हणजे दारात आलेल्या पाहुण्यांवरून गावाची शिरगणती करणे होय.

म्हणून घरोघर जाऊन नोंदी करण्याची व्यवस्था उभारण्यात आली. मोरोगोरोमध्ये असे एक काम आधीपासूनच चालू होते. रुफिजीमध्ये ते १९९८ च्या अखेरीस सुरू झाले. नोंदणी कर्मचारी सायकलवरून गावोगाव फिरत, दर चार महिन्यांनी प्रत्येक घरी जात, आणि कोण जन्मले, कोण वारले, कोण गाव सोडून गेले, कोण नव्याने राहायला आले, याची नोंद करत.

एखाद्या घरात मृत्यू झाल्याचे कळले की, दुःखाचे पहिले दिवस सरल्यावर प्रशिक्षित कर्मचारी त्या घरी जाऊन बसे आणि आजारपणात काळजी घेणाऱ्या व्यक्तीशी सविस्तर बोले. ताप होता का, आणि किती दिवस? श्वास भरभर चालत होता का? झटके आले होते का? जुलाबांत रक्त होते का? पहिल्यांदा कोणाकडे नेले, आणि त्यानंतर कोणाकडे? या उत्तरांचा कागद दोन डॉक्टर एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे वाचत आणि मृत्यूचे संभाव्य कारण ठरवत. दोघांचे मत जुळले नाही, तर तो कागद तिसऱ्या डॉक्टरकडे जाई. या पद्धतीला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. प्रयोगशाळेतील तपासणीइतकी ती अचूक नाही. मलेरियाचा ताप आणि न्यूमोनियाचा ताप यांत तिची गफलत होऊ शकते. परंतु जिथे दुसरी कोणतीही माहिती नाही, तिथे तिने दिलेले ढोबळ चित्रही फार मोलाचे असते.

हे चित्र अंदाजपत्रकाशेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते अधिकाऱ्यांसाठी अनपेक्षित होते. मोरोगोरोमध्ये अकाली मृत्यूंमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांपैकी सुमारे ३० टक्के वर्षे एकट्या मलेरियामुळे जात होती, आणि १९९६ च्या आरोग्य अंदाजपत्रकात मलेरियाचा वाटा होता अवघा ५ टक्के. याउलट क्षयरोगामुळे जाणाऱ्या वर्षांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते, पण त्याच्यासाठी २२ टक्के रक्कम राखून ठेवलेली होती. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मागील वर्षीच्या आकड्यांत थोडीफार भर घालून पुढील वर्षाचे अंदाजपत्रक तयार करायचे, आणि देणगीदार संस्था ज्या रोगासाठी पैसे देतील त्यावर खर्च करायचा, अशी ती रीत होती.

इथे क्षणभर थांबून एक सावधगिरी नोंदवतो, कारण या उदाहरणाच्या कथनात ती बरेचदा गाळली जाते. ज्या रोगाचा भार ३० टक्के, त्याला ३० टक्के पैसे, असे गणित मांडणे चुकीचे आहे. क्षयरोगाचा भार कमी दिसतो, याचे एक कारण त्यावर होणारा खर्चच असू शकते. तो थांबवला तर संसर्ग पुन्हा पसरेल. लसीकरणाचेही तसेच आहे. शिवाय एखादा रोग मोठा असूनही त्यावर परवडणारा उपाय उपलब्ध नसेल, तर त्यात पैसा ओतून फार काही साधत नाही. प्रकल्पातील संशोधकांना याची जाण होती, आणि म्हणूनच त्यांनी आलेख काढताना एक चतुराई केली. रोगांची लांबलचक यादी देण्याऐवजी, कोणत्या उपाययोजनेने किती भार हाताळता येण्याजोगा आहे, अशा स्तंभांत त्यांनी माहिती मांडली: एवढा भाग मच्छरदाण्यांनी, एवढा बालआजारांच्या नीट उपचाराने, एवढा सुरक्षित बाळंतपणाच्या सेवेने. सोबत जिल्ह्याचा खर्च त्याच प्रकारच्या आलेखांत दाखवणारे एक सोपे संगणकीय साधन दिले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना शंभर पानी अहवाल वाचायचा नव्हता. नियोजनाच्या वेळी टेबलावर ठेवता येईल असे एक चित्र त्यांना हवे होते. माझ्या मते, या प्रकल्पाचे सर्वांत कमी लेखले गेलेले यश हेच आहे.

अधिकाऱ्यांनी त्यावरून काय केले? मलेरियासाठी कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांच्या प्रसारावर भर दिला. या मच्छरदाण्यांचा पुरावा आधीच तयार होता: १९९० च्या दशकात गांबिया, घाना, केनिया आणि बुर्किना फासो येथे झालेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये बालमृत्यू घटल्याचे दिसले होते. मात्र चाचणीत संशोधक स्वतः मच्छरदाणी घरी आणून देतात. ती लोकांना विकत घ्यावी लागली तरीही तसाच परिणाम दिसेल का, हे टांझानियातील किलोंबेरो आणि उलंगा या जिल्ह्यांत इफाकाराच्या संशोधन केंद्राने तपासले. स्वाहिली भाषेत ‘डास रोखा’ अशा अर्थाच्या ‘झुइया म्बू’ या नावाने, अनुदानित किमतीत, गावातल्या दुकानांतून त्या विकल्या गेल्या. आणि मच्छरदाणी वापरणाऱ्या लहान मुलांच्या जगण्याच्या शक्यतेत २७ टक्क्यांची वाढ आढळली. पुढे २००४ मध्ये गर्भवती स्त्रियांना मच्छरदाणीसाठी सवलतीचे कूपन देणारी राष्ट्रीय योजना सुरू झाली, तिच्या पाठीशी हा देशातलाच पुरावा होता. परदेशातील चाचणीने उपाय चालतो हे सांगितले. आपल्या दुकानांतून, आपल्या लोकांच्या हातून तो चालतो का, हे देशातच पाहावे लागले.

दुसरा निर्णय बालआजारांबाबतचा होता. ताप आलेल्या मुलाला मलेरियाची गोळी देऊन घरी पाठवणे, ही दवाखान्यांतली सर्वसाधारण पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तयार केलेल्या एकात्मिक पद्धतीत कर्मचाऱ्याने त्याच मुलाचे श्वास मिनिटभर मोजायचे, जुलाब आहेत का ते विचारायचे, पोषण आणि लसीकरण तपासायचे, आणि मग उपचार ठरवायचा, असे अपेक्षित होते. यासाठी ११ दिवसांचे प्रशिक्षण लागे. ज्या दवाखान्यात एकूण कर्मचारीच दोन-तीन, तिथून एकाला ११ दिवसांसाठी बाहेर पाठवणे किती जड जात असेल, याची कल्पना करता येईल.

परंतु त्या घरोघरच्या मुलाखतींतून निघालेला एक निष्कर्ष मला आकड्यांच्या या साऱ्या गर्दीत अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘लोक अडाणी आहेत, मूल तापाने फणफणले की वैदूकडे नेतात, म्हणून मुले दगावतात,’ ही समजूत तिथल्या आरोग्य यंत्रणेत खोलवर रुजलेली होती. झटके येणाऱ्या तापाला तिथे ‘देगेदेगे’ म्हणतात आणि त्याचा संबंध अनेकजण भूतबाधेशी जोडतात, त्यामुळे ही समजूत पटण्याजोगीही होती. रुफिजीमध्ये मलेरियाने झालेल्या मृत्यूंच्या मुलाखती तपासल्यावर मात्र असे दिसले की, जवळपास पाचांपैकी चार रुग्णांसाठी पहिली धाव आधुनिक उपचारांकडेच घेतली गेली होती. अर्थात, दवाखान्याचा रस्ता धरूनही रुग्ण वाचले नव्हते. मग लोकप्रबोधनाच्या मोहिमेवर पैसा घालवण्याऐवजी दवाखान्यातील उपचार सुधारणे, औषधे वेळेवर पोहोचवणे आणि कर्मचाऱ्यांवर नियमित देखरेख ठेवणे अधिक गरजेचे ठरते. रुग्णांच्या घरच्यांना दोष देणे किती सोयीचे असते, आणि ते किती चुकीचे असू शकते, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आता परिणामांकडे वळू. रुफिजीमध्ये १९९९ साली दर हजार जिवंत जन्मांमागे १०० अर्भके दगावत होती. २००० साली हा आकडा ७२ वर आला. हा आकडा फार गाजला. तथापि, एका वर्षाच्या फरकावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण पाऊस कमी-अधिक झाला तरी मलेरियाचे प्रमाण बदलते. अधिक भरवशाची तुलना पुढे झाली. मोरोगोरो ग्रामीण आणि रुफिजीमधील बालमृत्यूंची किलोंबेरो आणि उलंगा या जिल्ह्यांशी तुलना केली असता, एकात्मिक पद्धत राबवणाऱ्या जिल्ह्यांत दोन वर्षांच्या काळात बालमृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्यासाठीचा खर्च नेहमीच्या सेवेपेक्षा अधिक नव्हता. १३ हा आकडा २८ टक्क्यांच्या घसरणीइतका डोळ्यांत भरत नाही, पण मी त्यावर अधिक विश्वास ठेवेन.

पैशांविषयीची एक बाब सांगायलाच हवी. प्रकल्पाने दरडोई २ डॉलर जादा देऊ केले होते. जिल्ह्यांना त्यातला एक डॉलरही पूर्ण वापरता आला नाही. मोटारसायकली, रेडिओ संपर्क, देखरेखीची साखळी, हिशेब ठेवणारी माणसे, हे सगळे उभे राहिल्याशिवाय जादा पैसा पडूनच राहतो.

देशपातळीवर पाहिले, तर २००० ते २००४ या काळात टांझानियातील पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंचे प्रमाण २४ टक्क्यांनी घटले. त्यामागे मच्छरदाण्या, जीवनसत्त्व ‘अ’, लसीकरण आणि बालआजारांची नवी पद्धत तर होतीच. शिवाय याच सुमारास आरोग्यावरील सरकारी खर्च वाढला होता आणि जिल्ह्यांना स्वतःच्या निर्णयाने वापरता येणारा निधी मिळू लागला होता. यातील कोणत्या घटकाचे श्रेय किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

मातामृत्यू मात्र घटले नाहीत. १९९६ च्या सर्वेक्षणात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ५२९ मातामृत्यूंचा अंदाज होता. २००४-०५ च्या सर्वेक्षणात तो ५७८ निघाला, आणि अशा अंदाजांतील अनिश्चितता लक्षात घेतली, तर परिस्थिती होती तिथेच राहिली असे म्हणावे लागते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला किंवा बाळ अडले, तर काय करावे हे शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण त्यासाठी रात्री-अपरात्री जागेवर असलेली प्रशिक्षित सुईण, शस्त्रक्रिया करू शकणारे रुग्णालय, साठवलेले रक्त आणि तिथवर नेणारे वाहन, हे सगळे एकाच वेळी हाताशी असावे लागते. मच्छरदाणीसारखे ते दुकानातून विकता येत नाही, आणि कितीही नेमका आलेख काढला तरी दरडोई दोन डॉलरच्या जादा निधीत ते बसत नाही.