नाटक चालू असताना आत कोण असतं?

नमस्कार मंडळी.

गणपतीतलं आपलं नाटक छान झालं, असं सगळे म्हणतात. मी पाहिलं नाही. मी आत मसालेभाताच्या पातेल्यापाशी होते. घरी जाताना गाडीत नात म्हणाली, "आजी, नाटक सुरू झालं की तुम्ही सगळ्या आज्या आत का जाता?" सून माझ्याकडे बघत राहिली, मुलगा गप्प बसला.

शेजारच्या मल्याळी ताईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे याच विषयावरचं नाटक आहे: 'स्वयंपाकघरातून रंगमंचाकडे'. लेखक व्ही. टी. भट्टतिरिप्पाड. त्या माणसाने मला तेव्हापासून झोप लागू दिलेली नाही.

जन्म 1896 सालचा, केरळातल्या नंबुद्री ब्राह्मण घरातला. वेद तोंडपाठ, पण ऐन तारुण्यात देवळात पूजा करत असतानाही मल्याळम वाचता येत नव्हतं. एके दिवशी एक शाळकरी मुलगी गणित विचारायला आली. पाटीवर काय लिहिलंय तेच या पुजाऱ्याला कळेना. शरम वाटली, आणि मग त्याच मुलीकडून तो अक्षरं शिकला. पुढे गूळ बांधून आलेल्या कागदावर एका छत्रीची जाहिरात होती. ती त्याने अक्षर अक्षर लावत वाचली. आयुष्यातलं पहिलं वाचन! लहान मुलीच्या प्रश्नाने एवढा मोठा माणूस हलला. आपण मात्र आपल्या मुलांना "जा, खेळ जा" म्हणून पिटाळतो.

नंबुद्री बायकांना 'अंतर्जनम्' म्हणत. आतली माणसं. बाहेर पडायचंच झालं तर सोबत दासी आणि तोंडापुढे ताडपत्राची छत्री. घरातल्या थोरल्या मुलानेच जातीत लग्न करायचं, मग तो म्हातारपणीसुद्धा आणखी एक बायको करायचा आणि कितीतरी मुली बिनलग्नाच्या राहायच्या. आपल्याकडे 'संगीत शारदा' 1899 साली आलं, तेव्हा म्हातारा नवरदेव आपल्याला नवा नाही. व्ही. टीं.चं नाटक 1929 साली त्रिशूरजवळ, नंबुद्रींच्याच सभेच्या अधिवेशनात झालं. ज्यांच्यावर लिहिलं, तेच समोर बसलेले. याला म्हणतात धाडस!

आणि हे गृहस्थ नाटक लिहून थांबले नाहीत. 1934 साली नंबुद्रींमधला पहिला विधवाविवाह त्यांनी घडवून आणला. वधू कोण? त्यांच्या बायकोची सख्खी बहीण. सुधारणा शेजाऱ्याच्या घरापासून सुरू करायची आपली जुनी खोड त्यांना नव्हती. आपण व्यासपीठावर कर्वे-फुल्यांची नावं घेतो, टाळ्या वाजवतो, आणि पानं वाढायची वेळ झाली की माना आपोआप बायकांकडे वळतात. मंडळींनो, रागावू नका, पण हे दर वर्षी होतं.

नातीचा प्रश्न मला परत आठवतो तो एका तपशिलामुळे. त्या 1929 च्या प्रयोगात बायकांच्या भूमिकाही पुरुषांनीच केल्या. नाटक बायकांना बाहेर काढण्याचं, आणि रंगमंचावर एकही बाई नाही! पुढे 1948 साली अंतर्जनम् बायकांनी स्वतःच एक नाटक रचलं आणि स्वतःच केलं. विषय होता बाईने घराबाहेर पडून काम करण्याचा. मधे एकोणीस वर्षं गेली होती.

दिवाळीला फराळ बाहेरून मागवू आणि नाटक आपण बायका बसवू, असं मी कार्यकारिणीला सुचवलं. पुरुषांनी लगेच होकार दिला. अडलं आमच्यातच. "माझ्या अनारशांचं नाव निघतं म्हणून तरी मंडळात मला कोणी ओळखतं. तेही काढून घेतलंत तर मी इथे कशाला येऊ?" असं एक मैत्रीण म्हणाली. तिला काय उत्तर द्यावं, मला अजून सुचलेलं नाही. आणि तिशीतल्या मुली तर अनारसेही नकोत आणि नाटकही नको म्हणून घरीच राहतात. त्यांना कोण विचारणार, आणि काय विचारणार?