'मामा' येतं, 'पप्पा' येत नाही

[दृश्य: बेळगावजवळचं गाव, शाळा सुटण्याची वेळ]

निवेदन: आवाज घशात तयार होतो, त्याची अक्षरं होतात तोंडात. स्वरयंत्र ठणठणीत असलं तरी टाळू, दात, ओठ, जबडा यांतलं एखादं जागेवर नसेल, तर बोलणं बिघडतं. आपल्याकडे अशा पोराला 'गेंगाणं' म्हणून मोकळे होतात. वर 'डोक्यानं जरा कमीच' हेही चिकटवतात. त्याच्या डोक्याचा इथं काही संबंध नसतो.

[दृश्य: आईच्या मांडीवर पाच वर्षांचा मुलगा. स्पीच थेरपिस्ट त्याच्या नाकाखाली छोटा आरसा धरते.]

"पपई म्हण बघू."

मुलगा म्हणतो. आरशावर वाफ धरते.

'प' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग, जिथं पडजीभ लोंबते तो, वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. मगच ओठांमागे हवा दाटते. याची टाळू जन्मतः दुभंगलेली होती. ती शिवली, पण मऊ भाग आखूड पडला. हवा नाकातून निसटते आणि पपईची 'ममई' होते. 'मामा' मात्र लख्ख, कारण 'म'ला हवा नाकातूनच लागते. पोराचा जीव मामावरच जास्त, अशी घरात चेष्टा चालते. वडील हसतात, पण फार नाही.

दाब मिळेना, की मुलं घशातच झटका देऊन अक्षर काढायला शिकतात. 'क'च्या जागी नुसता अडखळा. घशावर ताण येऊन आवाजही घोगरा होऊ शकतो. टाळू साधारण 9 ते 18 महिन्यांच्या वयात शिवतात, पण ही सवय टाक्यांनी जात नाही; ती थेरपीनंच मोडावी लागते. फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवून काही साधत नाही. अक्षरंच घोटावी लागतात. मधल्या कानात पाणी साचून ऐकू कमी येणं हाही या मुलांचा नेहमीचा त्रास, म्हणून कानही तपासायचे.

आजीचं म्हणणं, सुनेनं गिराणात विळी धरली. ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. त्यात कुठं जुळणी राहिली, की चीर उरते. जगात साधारण 700 जन्मांमागे असं एक बाळ येतं, ग्रहण असो नसो.

[दृश्य: सरावाची वही. चार, चारा, झाड, साखर.]

इथली मुलं घरी मराठी, गल्लीत कन्नड बोलतात. आपल्या 'चार'मधला च वेगळा, गुरांच्या 'चारा'तला वेगळा. हा दुसरा च कन्नडात नाही. नुसत्या कन्नड शब्दांवर सराव घेतला, तर तो तपासायचाच राहून जातो. समोरचे दात मिटत नसतील किंवा खालचा जबडा पुढं आला असेल, तर नेमका हाच च आणि 'स' फसकतो.

जबड्याची शस्त्रक्रिया बहुधा वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे सतरा-अठराच्या पुढं करतात. टाळू शिवलेल्यांच्या बाबतीत एक पेच असतो: वरचा जबडा पुढं आणला की टाळूही पुढं सरकते आणि नाकातून बोलणं वाढू शकतं. म्हणून आधी बोलणं तपासून घेतात. धारवाडजवळ सत्तूरला एसडीएम दंत महाविद्यालयात चेहऱ्याच्या अशा शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे.

[दृश्य: अंगणवाडी]

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून या व्यंगाची तपासणी होते. पथक येईल तेव्हा बाळाचं तोंड बॅटरीच्या उजेडात आतपर्यंत बघायला सांगा. ओठ धड असूनही आत टाळू दुभंगलेली असू शकते. पाजताना दूध वरचेवर नाकातून येत असेल, तर पथकाची वाटही बघू नका.