मुकुट घातलेले मासे आणि गोव्यातला कारकून

मंडळी, आज ॲमस्टरडॅम नको. मला नेदरलँड्समधल्याच एंकहाउझनबद्दल बोलायचंय. हे गाव आपल्या सावंतवाडीहूनही लहान. त्याच्या मानचिन्हात तीन हेरिंग मासे आहेत आणि तिघांच्याही डोक्यावर मुकुट! मासळीच्या जिवावर मोठे झालो, हे इतकं उघड कोण सांगतं? आपल्याकडे इतकी वर्षं बांगड्यावर जगलेली गावं आहेत, पण बांगड्याला मुकुट घालायचं कुणाला सुचलं नाही.

बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस नावाचा जाडजूड बुरूज उभा आहे. तो १५४० चा. बांधला संरक्षणासाठी, पुढे त्यात कैदीही ठेवले. वरच्या मनोऱ्यातल्या घंटांवर आजही सूर वाजतात. १५७२ मध्ये हे गाव स्पेनच्या राजाविरुद्ध, डच बंडाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम याच्या बाजूनं गेलं, तेही हॉलंडमधली बरीच गावं अजून कुंपणावर असताना.

पण मला खरा रस आहे तो इथं वाढलेल्या एका पोरात. यान हाउखन फान लिन्सखोतन. १५८३ मध्ये तो गोव्यात उतरला आणि आर्चबिशपचा चिटणीस झाला. म्हणजे काम कागदपत्रांचं. दिवसभर पत्रं लिहायची आणि डोळे उघडे ठेवायचे. पोर्तुगीज खलाशांच्या मार्गदर्शक वह्या त्यानं उतरवून घेतल्या : कोणत्या महिन्यात कुठला वारा, कुठे खडक, कुठे उथळ. पोर्तुगीज हे सगळं जिवापाड जपत. परतल्यावर त्यानं ते छापलं, १५९५-९६ मध्ये. सोबत आंबा, फणस, नारळ, गोव्याचा बाजार, सगळं आलं. गावातला डॉक्टर पालुडानस जगभरच्या चमत्कारिक वस्तू जमवणारा. त्यानं मजकुरात आपल्या टिपा घातल्या. मला यात गंमत वाटते ती ही, की तोफ न डागता एका कारकुनानं पोर्तुगीजांच्या मक्तेदारीला भोक पाडलं.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिच्या सहा शाखांपैकी एक एंकहाउझनला मिळाली. १६३७ मध्ये याच कंपनीनं वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्याच्या अगदी नाकासमोर. तिच्या पडक्या भिंती तुमच्यापैकी काहींनी पाहिल्याही असतील. तिकडे एंकहाउझनला ‘पेपरहाउस’ आहे. नावाचा अर्थ मिऱ्यांचं घर. कंपनीच्या मालाचं ते जुनं कोठार आता संग्रहालयाचा भाग झालंय.

मग सगळं उतरणीला लागलं. व्यापार ॲमस्टरडॅमकडे गेला, हे एका वाक्यात सांगून टाकतो. शेवटचा घाव पाण्यानंच घातला, म्हणजे पाणी अडवल्यानं. १९३२ मध्ये उत्तरेला बत्तीस किलोमीटरचा बांध पूर्ण झाला आणि समोरचा समुद्र हळूहळू गोड्या पाण्याचा तलाव बनला. त्या उपसागरातला हेरिंग संपला. संग्रहालयानं आसपासच्या गावांतली घरं मोडून आणून इथं पुन्हा उभी केलीत. लोक तिकीट काढून कोळ्याचं घर बघतात. बंदरात आता मासेमारीच्या होड्यांपेक्षा हौशी मंडळींच्या शिडाच्या नौकाच जास्त दिसतात.