तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज माइकसमोर बसताना डोळ्यांपुढे आफ्रिकेतला रवांडा देश आहे. जुलै १९९३मध्ये तिथं ‘आरटीएलएम’ हे रेडिओ केंद्र सुरू झालं. गाणी, गप्पा, आणि मधूनच तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांना ‘झुरळं’ म्हणणं. पुढच्या एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, तेव्हा याच केंद्रावरून कुणाला मारायचं ते नावानिशी सांगितलं जात होतं. केंद्राचे एक संस्थापक फर्डिनांड नाहिमाना यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं दोषी ठरवलं, पण ते डिसेंबर २००३मध्ये! तोवर लाखो माणसं मातीत गेली होती.

म्हणून मला वाटतं, द्वेषाची भाषा रोखण्याचं खरं काम सुरुवातीलाच असतं.

कायदे आहेतच. संयुक्त राष्ट्रांच्या १९६६च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं विसावं कलम म्हणतं, वंश किंवा धर्मावरून भेदभावाला, शत्रुत्वाला, हिंसेला चिथावणी देणाऱ्या द्वेषाच्या प्रचाराला कायद्यानं मनाई हवी. पण कुणाचं बोलणं आपल्याला झोंबलं, एवढ्यानं तो गुन्हा होत नाही. तो गुन्हा कधी मानायचा, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या २०१२च्या रबात आराखड्यानं सहा कसोट्या दिल्या: परिस्थिती, बोलणाऱ्याचं वजन, हेतू, मजकूर, तो किती लोकांपर्यंत गेला, आणि त्यातून इजा होण्याची शक्यता. यातलं बोलणाऱ्याचं वजन मला फार महत्त्वाचं वाटतं. भरसभेत पुढारी बोलतो आणि पारावर एखादा बरळतो, यांना एकाच मापानं मोजू नये. दुर्दैवानं पुष्कळ सरकारं पुढाऱ्याला सोडतात आणि दुसऱ्यालाच धरतात. कधी तर याच कायद्याखाली अल्पसंख्याकांचंच तोंड बंद करतात.

आता पोलिसांकडे येऊ. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला आणि पोलिसांनी तपासात हेळसांड केली. त्यावरच्या १९९९च्या मॅकफर्सन अहवालानं सांगितलं: पीडिताला किंवा इतर कुणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर पोलिसांनी तशीच नोंद करावी. गुन्हा सिद्ध होणं पुढची गोष्ट, पण नोंद टाळता येणार नाही.

ही नोंद कशी घेतली जाते, तिथंच बरंचसं ठरतं. एक बाई तक्रार घेऊन येते. कागदावर लिहिलं जातं, ‘आक्षेपार्ह बोलला.’ एवढ्यावर न्यायालयात काय उभं राहणार? नेमका शब्द हवा, वेळ हवी, समोर किती माणसं होती ते हवं. मोबाइलवरचा मजकूर असेल तर तो पुसला जाण्याआधी जतन करायला हवा. पण तो शब्द तिच्या तोंडून निघत नाही. तिच्या मुलांदेखत तो तिला ऐकवलेला असतो.

तिथं बसलेल्या पोलिस बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे: घाई करू नका. तिला पाणी द्या. उच्चारवत नसेल, तर कोरा कागद पुढे करा आणि तो शब्द तिला तिच्या हातानं लिहू द्या.