कागद त्यांच्याकडे तोंड करून

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? येत नसेल तर हात वर करा... म्हणजे ऐकूच आलं नाही तर हात कसा वर करणार, असो.

बोर्डावर लिहिलंय 'मुलाखतीत रेझ्युमेचं प्रोफेशनल सादरीकरण'. हे नाव माझं नाही. मी आयोजकांना सांगितलं होतं 'कागद कसा द्यायचा', पण तेवढ्यासाठी सुट्टीच्या दिवशी कोण येणार असं त्यांना वाटलं असणार. तर रेझ्युमे लिहायचा कसा यावर मी आज बोलणार नाहीये, त्यावर सांगणारे भरपूर आहेत. माझं खूळ वेगळं आहे. तुमचा कागद मुलाखतीच्या खोलीत शिरला की त्याचं काम बदलतं. आधी तो तुम्हाला बोलवायचं की नाही हे ठरवण्यासाठी होता. आता तुम्ही आत आलात, आता समोरचा माणूस त्यातल्या एकेका ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारणार. म्हणजे पेपर तुम्हीच काढलाय आणि सोडवायलाही तुम्हीच बसलात! एवढी सोय शाळेत असती तर मी बोर्डात आले असते. आणि तरी लोक त्यात अडकतात, मी स्वतः अडकलेय, ते आधी सांगते.

माझी पहिली मुलाखत. मी जाडजूड रिंगवाली फाइल घेऊन गेले, आत प्लॅस्टिकचे कप्पे आणि कप्प्यांमध्ये माझं सगळं आयुष्य, शाळेतल्या निबंध स्पर्धेच्या सर्टिफिकेटपासून. आता रेझ्युमे हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ सारांश. आणि सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हायटी, लॅटिनमध्ये जीवनाची वाटचाल. मी वाटचाल घेऊन गेले होते, त्यांना सारांश हवा होता. टेबलापलीकडे तिघे बसलेले. मधले म्हणाले, रेझ्युमे द्या. तो होता निबंध आणि चित्रकलेच्या मध्ये कुठेतरी. मी घाईत रिंग उघडली आणि अख्खी फाइल खाली. मग मी टेबलाखाली, कागद गोळा करतेय, समोर बुटांचे तीन जोड, आणि त्यातला एक पाय सारखा हलतोय. तो हलणारा पाय मला अजून आठवतो, चेहरे आठवत नाहीत. वरून आवाज आला, "मिळतंय का?" मिळाला एकदाचा, दिला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितला, मग उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, आणि विचारलं, "तुमची निवड झाली तर कळवायचं कुठे?"

झालं काय होतं, फाइल मी ए-फोर साइजमध्ये बनवली होती आणि जिथे प्रिंट काढली तिथल्या प्रिंटरमध्ये लेटर साइजचा कागद. ए-फोर २९७ मिलिमीटर उंच असतो, लेटर २७९. अठरा मिलिमीटर खालून उडाले आणि मी पत्ता आणि फोन नंबर शहाणपणा करून अगदी तळाला टाकला होता. (हशा) हसा, हसा, पण घरी जाऊन आपापली प्रिंट तपासा.

पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आले, बरीच वर्षं मुलाखती घेतल्या. तिकडून काय दिसतं सांगू? उमेदवार कागद काढतो, त्याला चार घड्या असतात, टेबलावर ठेवला की तो तंबूसारखा उभा राहतो. पॅनलवर तिघं आणि प्रत एक, मग आम्ही तिघं माना वाकड्या करून वाचतोय आणि हा बोलतोय, कोणाचं लक्ष नाही. एकाने लॅमिनेट करून आणला होता. दिसायला सुंदर हो, पण मला मुलाखत घेताना समासात टिपणं करायची सवय, आणि त्याच्यावर पेन चालेना. शेवटी मी त्याचे मुद्दे पाण्याच्या ग्लासखालच्या टिश्यूवर लिहिले आणि तो टिश्यू नंतर कोणीतरी टाकून दिला.

आणि एक मुलगी आली होती. तिने बसल्यावर साध्या पारदर्शक फोल्डरमधून चार प्रती काढल्या, तीन आमच्याकडे तोंड करून ठेवल्या, चौथी स्वतःसमोर. एवढंच. पण त्यानंतर ती "दुसऱ्या परिच्छेदात जो प्रोजेक्ट आहे" म्हणाली की आम्ही तिघं एकदम तिथे बघायचो. मुलाखत आम्ही घेत होतो की ती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

इथे मला लिओनार्दो दा विंची आणायचाच आहे, माझी मुलगी म्हणते आई तू कुठेही त्याला आणतेस. साधारण १४८२ मध्ये, तिशीत असताना, त्याने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागायला पत्र लिहिलं. त्यात काय? हलके, उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढा घालायची साधनं, झाकलेले रथ, सगळं लढाईचं. चित्रं काढता येतात हे कुठे, तर पार शेवटी! समोरच्याला काय हवंय हे ओळखून त्याने ओळी लावल्या. आणि सगळ्यात भारी म्हणजे शेवटी लिहिलं की यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो. ओळ लिहिली की ती करून दाखवायची तयारी हवी, आपण काय करतो, 'टीम लीडरशिप' लिहितो आणि विचारलं की...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय आत्ता येतोय! बरं, भराभर सांगते, लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

आदल्या रात्री स्वतःचा रेझ्युमे घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'म्हणजे काय केलंत?' असं पेन्सिलीने लिहा. ज्या ओळीचं उत्तर दोन मिनिटं बोलता येत नाही ती ओळ काढून टाका, कितीही आवडती असली तरी. ज्या ओळीवर प्रश्न यावा असं वाटतं ती पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात हवी, कारण डोळा तिथेच पडतो. मधे वर्षभराची गॅप असेल तर लपवू नका, तारखा सरळ लिहा, एका वाक्यात कारण तयार ठेवा आणि पुढे चला, लांबलचक खुलासा केलात की संशय तुम्हीच पेरता. प्रती पॅनलच्या संख्येपेक्षा दोन जास्त, साधा पांढरा कागद, स्टेपल नको, क्लिप लावा म्हणजे पानं शेजारी शेजारी ठेवता येतात. आणि "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर रेझ्युमे वाचून दाखवू नका, त्यांना वाचता येतं. त्यात नाही ते सांगा, ते काम तुमच्याकडे का आलं, कुठे फसलं. ऑनलाइन असेल तर पीडीएफच पाठवा, समोरच्याच्या मशीनवर पान विस्कटत नाही, आणि फाइलला स्वतःचं नाव द्या, 'न्यू फायनल फायनल टू' नको.

हो, विचारा. ...मूळ सर्टिफिकेटं न्यायची का? न्या, पण बॅगेत. मागितली की काढा.

आणखी एक? ...मला ती नोकरी मिळाली का? नाही हो. निघताना मी त्यांच्याकडून रेझ्युमे परत मागून घेतला, माझ्याकडे तेवढी एकच प्रत होती. त्यांनी लगेच दिला. ठेवून करणार काय, नंबर कुठे होता त्यावर.