धूळपाटीवरचा एपिसोड

(पहाट. मासुंदा तलावाचं पाणी. मग नौपाड्यातली एक खोली, लॅपटॉपचा उजेड.)

ठाणे स्टेशनकडे रिक्षांची रांग लागायच्या आत विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्या हिला तासभर मिळतो. मराठी विकिपीडियावर कच्च्या लिखाणाच्या जागेला धूळपाटी म्हणतात. हिच्या धूळपाटीवर सध्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला 'ब्लिंक' हा भाग आहे. ९ जून २००७ला बीबीसी वनवर दाखवलेला. नजर हटली की हलणारे दगडी पुतळे, एवढं सांगितलं तरी पुरे.

हिनं तेवढ्यावर थांबवलं नव्हतं. पहिल्या मसुद्यात नुसतं कथानकच हजार शब्दांचं. इंग्रजी विकिपीडियावर एका भागाचं कथानक ४०० शब्दांत बसवायचा संकेत आहे. तोच हिनं स्वतःला लावून घेतला.

(स्वयंपाकघरातून आईचा आवाज : "अगं, अजून तोच एपिसोड?")

गाडी अडली ती व्याकरणात. पुतळ्यांचं नाव 'वीपिंग एंजल्स'. मग हे जवळ 'आले' की जवळ 'आल्या'? देवदूत म्हटलं तर आले. पण दिसायला बायका, आणि चित्रीकरणात पुतळे होऊन उभ्या राहिल्या त्याही अभिनेत्रीच. इंग्रजीला ही पंचाईत नाही. दोन दिवस घोळ चालला. शेवटी सोडवलं विकिपीडियाच्याच दुसऱ्या एका संकेतानं : कथानक वर्तमानकाळात लिहावं. 'जवळ येतात.' आता लिंग विचारतंय कोण!

'मालिकेतला सर्वांत भारी भाग' हे वाक्य हिनंच लिहिलं, हिनंच पुढे 'संदर्भ हवा' चिकटवलं आणि हिनंच उडवलं. त्या जागी आता विज्ञानकथांसाठीचा २००८चा ह्यूगो पुरस्कार आहे, आणि भागाचे लेखक स्टीव्हन मॉफट यांना मिळालेला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार.

खरा ऐवज मात्र 'निर्मिती'त सापडला. ही गोष्ट मॉफट यांच्याच एका लघुकथेतून आली. तिच्यात या भागाची नायिका सॅली शाळकरी पोर आहे, आणि पुतळे तर नाहीतच! मालिकेचा नायक 'डॉक्टर' झालेले डेव्हिड टेनंट या भागात जेमतेम दिसतात, कारण दोन भागांचं चित्रीकरण एकाच वेळी उरकायचं होतं. हे वाचलं आणि भाग न पाहिलेल्या मलाही तो पाहावासा वाटला.

(पडद्यावर शब्दमोजणी : ४१२.)

लोकलला अजून वेळ आहे. ती पुन्हा कथानकावर जाते. एक 'अचानक' खोडते. खालच्या ओळीत आणखी एक 'अचानक' असतं.